म्युझियमच्या झाडाखालची खानावळ

माशांच्या हुमणाच्या टोपात पहिलं पान पडलं, तेव्हा कमलाक्षीने ते पळीने अलगद काढून टाकलं आणि विसरून गेली. झाडाखाली खानावळ मांडली म्हणजे पानं पडायचीच. पण त्या आठवड्यात ती रोजच पानं वेचत राहिली. गणपतीची चवथ नुकतीच होऊन गेली होती, सरी अजून येत-जात होत्या, झाडाने हिरवंगार असायचे दिवस ते; आणि रस्त्याकडच्या अंगाची पानं पिवळी पडून झडत होती.

"सखाराम, झाडाक काय झालां रे?" तिने शेजारच्या गाड्यावर हाक मारली.

सखाराम अंडी फोडत होता. त्याने वर पाहिलं नाही. "एकेक वरसा झाड असाच रुसता, वयनी," तो म्हणाला.

कमलाक्षी नार्व्याची. नवरा कृष्णनाथ खनिजाच्या बार्जवर खलाशी होता. मुरगावला माल उतरवताना दोर तुटला, त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला आणि तो घरी बसला. तेव्हापासून कमलाक्षी सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने नदी ओलांडून पणजीला येऊ लागली. आधी दुसऱ्याच्या खानावळीत बांगडे साफ करायची. ती खानावळ चालवणारी म्हातारी थकली आणि खोली कमलाक्षीच्या हाती देऊन लेकीकडे निघून गेली. खोली कसली, चार मेजं मावतील एवढी जागा. चूल बाहेर पत्र्याखाली, आणि त्या पत्र्यावर एका प्रचंड पर्जन्यवृक्षाची सावली.

समोर, अरुंद रस्त्यापलीकडे म्युझियम; झाडाचा बुंधा त्याच्याच कुंपणाला लागून. पोर्तुगिजांच्या काळातली लांबलचक कचेरी रंगवून तिथे चित्रं लावली होती. शहरात चित्रं बघायला येणारी माणसं तशी कमीच, पण बघून बाहेर पडली की त्यांना भूक लागायची. शीत-हुमण, म्हणजे भात नि माशांची आमटी, हवं असेल तर कमलाक्षीकडे, रश्शातलं रस-ऑमलेट आणि पाव हवा तर सखारामच्या गाड्यावर, आणि नुसता चहा नि पातळ भाजी हवी तर पेडण्याच्या गंगेकडे. तिघांची गिऱ्हाइकं वेगळी होती, बाकं मात्र सगळ्यांची एकच. चित्रकार यायचे, शाळेच्या सहली यायच्या, रखवालदार यायचे. कोणी बाकावर बसून त्या झाडाचंच चित्र काढायचे. फांद्यांवर बगळ्यांची वस्ती होती, आणि बाकं पुसता पुसता गंगा त्यांना रोज शिव्या घालायची.

सखाराम मूळचा दोडामार्गचा. अर्धं आयुष्य त्याने डिचोलीच्या एका खाणीवर काढलं होतं, सुरुंगासाठी खडकात भोकं पाडणाऱ्या यंत्रावर. खाणी बंद पडल्या, ट्रक रस्त्याकडेला गंजत उभे राहिले, तेव्हा त्याने हा गाडा घातला. घरी बायको आणि कामाविना बसलेला मुलगा मधुकर. बोलका माणूस. गिऱ्हाईक नसलं की खाणीवरच्या गोष्टी सांगायचा. भोक सरळ पाडलं तर बार फुकट जातो, ते तिरकंच पाडावं लागतं, हे तो हाताने असं काही दाखवायचा की ऐकणाऱ्याला दगड फुटलेला दिसायचा.

पानं झडायला लागली त्या सुमाराला तो बोलायचा कमी झाला.

आणि त्याच सुमाराला एक नवा माणूस जेवायला येऊ लागला. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. म्युझियमच्या आवारात, अगदी रस्त्याच्या कडेला, काचेच्या भिंतींचा कॅफे व्हायचा होता. त्या कॅफेचं कंत्राट या माणसाकडे होतं. जेवायचा नीट, पानात शीत टाकायचा नाही. हात धुऊन आला की कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघायचा, पायापासून शेंड्यापर्यंत, सोयरीक जुळवायला आलेला माणूस मुलीला बघतो तसा.

"बाई, तुमच्या हाताला चव आहे," एकदा तो म्हणाला. "एवढी चव या अंधारात कशाला कोंडून ठेवलीय?"

"सावली म्हणतत तिका," कमलाक्षी म्हणाली.

तो हसला. "तेच ते."

होळीचा शिगमा आला तोवर झाड उघडंबोडकं झालं. दर वर्षी त्याला गुलाबी फुलांचे झुबके यायचे, त्या वर्षी एकही आला नाही. मग एके सकाळी कमलाक्षी बाकं पुसायला फडकं घेऊन गेली आणि थबकली. बाकं स्वच्छ होती. बगळे गेले होते. एवढी वर्षं ज्यांच्या घाणीने जीव नकोसा केला होता, ते एका रात्रीत उठून कुठे गेले कोणी पाहिलं नाही. रिकामी घरटी तेवढी काड्यांच्या मुठीसारखी वर अडकून होती. गंगेने कपाळाला हात लावला.

"पाखरां आधी जातत," ती म्हणाली. "माका ह्या बरां दिसना."

पाऊस पडून गेला तरी पालवी फुटली नाही. बुंध्यावर अळंब्यांसारखे करडे कान उगवले. सालीचे पापुद्रे सुटून ताटात पडू लागले, आणि वारा नसतानाही वरून बारीक भुसा गळत राहायचा. हुमणावर पिठूळ थर धरायचा, म्हणून कमलाक्षी टोपावरचं झाकण काढेनाशी झाली. त्यातच कॅफेच्या पायासाठी आवारात चर खणला गेला, थेट झाडाच्या मुळांपर्यंत. तोडलेली मुळं चराच्या भिंतीतून बाहेर आली होती. त्यातून पाणी पाझरलं नाही, चीक आला नाही. कोरडी, काळी मुळं.

महापालिकेत अर्ज गेले. माणसं आली, वर बघून गेली. झाड रस्त्यावर की आवारात, कापायचं कोणी, यावर कागद इकडून तिकडे फिरत राहिले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी गंगेच्या बाकावर कॉलेजातल्या दोन मुली चहा पीत होत्या. अचानक सखाराम गाड्यावरून ओरडला, "ए पोरींनो, उठा! हय येवा, हय!" त्याचा आवाज असा होता की मुली कप हातात घेऊनच उठल्या. त्या गाड्याशी पोचल्या न पोचल्या तोच वर काडकन आवाज झाला आणि मांडीएवढी फांदी बाकावर आली. बाक मधोमध मोडलं. चहाची किटली चेपून सपाट झाली.

मुली रडू लागल्या. लोक जमले. सखाराम गॅस तसाच ठेवून वरच्या फांद्यांकडे बघत राहिला. तो कमलाक्षीने बंद केला.

गंगा दुसऱ्याच दिवशी पेडण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "कमल, तूंय चल. ह्या झाड आता कोणाचो तरी जीव घेतल्याशिवाय रवाचा नाय."

कमलाक्षी गेली नाही. जायचं कुठे? नार्व्याला मिरच्यांचे चार वाफे आणि पाय ओढत फिरणारा नवरा. ती रोज येत राहिली, रोज भीत राहिली. भांडं पडलं तरी दचकायची. गिऱ्हाइकं जेवताना वर बघत जेवायची, नि उरलेलं सोडून उठायची.

एके दिवशी बुंध्याभोवती झाडताना तिच्या केरसुणीने चिखलाचा एक वाळलेला गोळा निखळला. आत भोक होतं. बोट जाईल एवढं, गोल, गुळगुळीत. किड्याने पाडलेलं असं नसतं. तिने चुलीजवळची सळई आणून आत घातली. सळई जात राहिली, जात राहिली, आणि तिरकी, खाली मुळांकडे गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला असा काही उग्र दर्प होता की तिने पदर नाकाला लावला. मग तिने बुंध्याभोवती फेरी मारली. मुळं जिथे जमिनीत शिरत होती, तिथे असे गोळे सगळीकडे होते. नीट लिंपलेले. वरून माती फासलेली.

ती सळई हातात धरून उभी राहिली. तिरकं भोक. तिला विचार करावाच लागला नाही. तिने गाड्याकडे पाहिलं, तर सखाराम तिच्याकडेच बघत होता.

त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण आता तिला जे जे दिसत होतं ते वेगळं दिसू लागलं. सखारामने गाडा फिरवून घेतला होता. पूर्वी त्याची पाठ झाडाकडे असायची, आता तोंड झाडाकडे. ऑमलेट उलटवायचा आणि वर बघायचा. रस्सा वाढायचा आणि वर बघायचा. गाल बसले होते. पाववाला पदेर यायचा तेव्हा सखाराम त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. एकाच झाडाखाली, एका माणसाशेजारी इतकी वर्षं रांधलं, आणि आता त्याच्या हातचा चहा घ्यायचीही तिला भीती वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी म्युझियमच्या कचेरीतल्या शालिनीबाई निरोप घेऊन आल्या. "कमलाक्षीबाई, उद्या चित्रकलेच्या स्पर्धेला शाळेची मुलं येणार आहेत. बटाटावडे आणि शिरा कराल ना? दरवर्षीसारखं बाहेर झाडाखालीच बसवू."

कमलाक्षीच्या तोंडून "बरं" निघून गेलं. शालिनीबाई रस्ता ओलांडून गेल्या. कमलाक्षी तडक गाड्यापाशी गेली.

"सखाराम, मुळांत भोकां कोणी पाडली?"

तो उलथनं पुसत होता, पुसतच राहिला. "माका कित्या इचारतंस?"

"भोकां तिरकी आसत म्हणान."

तव्यावरचं ऑमलेट करपून काळं झालं.

"मीच पाडलंय," शेवटी तो म्हणाला. "त्या पांढऱ्या शर्टवाल्यान सांगल्यान. मधुकराक कॅफेत कामाक लावतलो म्हणालो. झील दोन वरसां घरात बसान आसा, वयनी, कोणाशी बोलणा नाय, जेवणा नाय. मुळांत ओतूचा वीख पण त्यानीच आणून दिल्यान. झाड सुकला की म्युन्सिपालटी कापून नेतली, कोणाक कळाचाय नाय म्हणालो. माका वाटला, झाडच तां. माणूस थोडोच आसा?"

"आणि आता?"

"आता तो फोन उचलणा नाय."

"मगे तू हय कित्या रवलंस? गंगा गेली तसो जा!"

"मी गेलंय तर वर बघतलो कोण?"

कमलाक्षीला आधी कळलं नाही.

"फांदी सुटायच्या आधी बारीक वाजता," सखाराम म्हणाला. "खडक फुटायच्या आधी वाजता तशी. माका ऐकाक येता. दिवसभर कान थंयच लावन आसतंय. वाजली की लोकांक उठवतंय. त्या दोन पोरी वाचल्या. तेवढाच माझ्या हातात उरला आसा."

कमलाक्षीला त्याचा संताप आला, आणि कीवही. ती म्हणाली, "उद्या शंभर पोरां येतली. तू कितक्यांक उठवशीत?"

तिने त्याचा गॅस बंद केला, हाताला धरलं आणि रस्ता ओलांडून त्याला म्युझियमच्या कचेरीत नेलं.

शालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे तुम्ही पोलिसांपुढे सांगाल?"

"सांगतलंय," सखाराम म्हणाला.

त्यांनी फोन लावले. एकाने सांगितलं, सोमवारी माणूस पाठवतो. दुसऱ्याने सांगितलं, रस्ता बंद करायचा हुकूम वरून यावा लागतो. शालिनीबाईंनी रिसीव्हर ठेवला. "मुलांना मी मागच्या दारातून आत घेईन," त्या म्हणाल्या. "व्हरांड्यात बसवीन. रस्त्याचं मात्र माझ्या हातात नाही."

रस्त्याचं कमलाक्षीने हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खानावळीतली मेजं-बाकं फूटपाथवर आडवी टाकली, नार्व्याहून आणलेला काथ्याचा दोर या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणला आणि त्यावर आपली जुनी लाल साडी फाडून चिंध्या बांधल्या. वाटेने जाणारे चिडले. एक हवालदार येऊन दरडावून गेला. ती ऐकून घ्यायची आणि तो वळला की सुटलेली गाठ पुन्हा बांधायची. दोराच्या दुसऱ्या टोकाला सखाराम उभा होता. गाडा त्याने लावला नव्हता.

मुलं आली, मागच्या दाराने आत गेली. वडे-शिरा तिने शालिनीबाईंच्या चुलीवर केला होता. दुपार झाली. ऊन स्वच्छ होतं, वारा अजिबात नव्हता. रस्त्यावरचा कागदसुद्धा हलत नव्हता. आतून मुलांचा गलका ऐकू येत होता. तेवढ्यात फिरायला आलेलं एक जोडपं दोर उचलून खाली शिरलं. पानाविना उभ्या झाडाचा त्यांना फोटो हवा होता.

"नाका! भायर येवा!" कमलाक्षी ओरडली. बाईने हसून हात हलवला.

सखारामने मान एकदम वर केली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला आलं. तो दोराखालून आत धावला, बाईला दंडाला आणि पुरुषाला गळपट्टीला धरून ओढत निघाला. पुरुष त्याला मारायला लागला. आणि मग जमीन हलली. फांदी नव्हे, झाडच निघालं; चराच्या बाजूची मुळं नव्हतीच, दुसऱ्या बाजूची उपटून वर आली, फूटपाथच्या फरश्या उडाल्या, आणि ते एवढं थोरलं धूड आधी सावकाश, मग एकदम खाली आलं. कमलाक्षीने डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर नुसती धूळ होती. आतला मुलांचा गलका थांबला होता. मग कुठेतरी एक मूल रडायला लागलं आणि मागोमाग सगळीच.

जोडपं वाचलं. सखाराम शेंड्याकडच्या फांद्यांत सापडला. खांद्याचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होता. कमलाक्षीची खोली जिथे होती तिथे खोडाखाली पत्र्याचा चुरगळलेला तुकडा तेवढा दिसत होता. हुमणाचे टोप, मेजं, म्हातारीच्या वेळची पाटा-वरवंट्याची जोडी, सगळं त्याच्या पोटात गेलं. ती तिथेच रस्त्यावर बसली. तिला रडू येईना. एवढे महिने ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि भीती मात्र अंगातून निघत नव्हती.

सखारामने इस्पितळातच पोलिसांना सगळं सांगितलं. पांढऱ्या शर्टाच्या माणसाचं नाव सांगितलं. तो माणूस म्हणाला, या गाडेवाल्याला मी ओळखतसुद्धा नाही. खटला उभा राहिला तो सखारामवर; तो जामिनावर घरी आला.

पुढे कमलाक्षीने डिचोलीच्या बाजारात, बसस्टँडच्या मागे, एक गाळा घेतला. नार्व्याहून जवळ, फेरीबोट नको. गिऱ्हाईक वेगळं, बाजाराला आलेले, ट्रकवाले, कारकून. म्युझियमसमोरचा कॅफे तयार झाला असं शालिनीबाईंनी कळवलं. काचेचा, लख्ख उजेडाचा. आणि मधुकर तिथे कामाला लागला. त्या माणसाने त्याला स्वतः बोलावून घेतलं होतं. घरात त्यावरून बाप-लेकात काय झालं ते सखारामची बायको पार्वती एकदा डिचोलीला आली तेव्हा रडत रडत सांगून गेली: झील बापाचं नाव काढत नाही, आणि बाप झिलाच्या पगारातला तांदूळ शिजला तर जेवत नाही.

"मधुकराक कित्या घेतल्यान, कळता तुका?" पार्वतीने विचारलं. "कोर्टात बापाचा तोंड बंद रवाक."

कमलाक्षीला साक्षीचं समन्स आलं. त्याच आठवड्यात दोघे अनोळखी पुरुष तिच्या गाळ्यात जेवायला आले. व्यवस्थित जेवले, पुन्हा हुमण मागून घेतलं.

"तुमचे यजमान बार्जवर होते ना?" एकाने हात पुसत विचारलं. "पायाने अधू? नार्व्याला दिवसभर घरी एकटेच असतात, नाही?"

"व्हय," कमलाक्षी म्हणाली. तिने टोपावर झाकण ठेवलं.

"काळजी घ्या त्यांची. घर नदीकाठी आहे." दुसऱ्याने तिच्यासमोर दोन नोटा ठेवल्या आणि सुटे न घेता दोघे निघून गेले.

तिने ते कोणालाच सांगितलं नाही, कृष्णनाथलाही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती त्याला बरोबर घेऊन येऊ लागली. तो कुरकुरला, बसमध्ये पाय दुखतो म्हणाला. तिने त्याला गल्ल्यावर बसवलं.

"एकदम एवढी माया खयसून इली?" त्याने विचारलं.

"हातभार होयो माका," ती म्हणाली.

कोर्टाच्या दिवशी तिने त्याला गाळ्यात शेजारच्या दुकानदारावर सोपवलं आणि एकटी गेली. व्हरांड्यात सखाराम भेटला. खांदा एका बाजूला उतरला होता.

"वयनी, माझ्याइरुद्ध बोलतलंस?"

"जां झालां तां सांगतलंय," ती म्हणाली. "तुझाय. आणि त्याचाय."

त्याने मान हलवली. "होयच तां," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा हलकेपणा तिने फार दिवसांनी पाहिला.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती आत गेली. मागच्या रांगेत, खिडकीजवळ, पांढऱ्या शर्टाचा माणूस बसला होता, आणि त्याच्या शेजारी गाळ्यात जेवून गेलेला एक जण. दोघांनी तिच्याकडे पाहून ओळखीचं हसू दाखवलं. तिने पिंजऱ्याचा लाकडी कठडा घट्ट धरला, आणि वकिलाने विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.